शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी का?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण कायद्याचं पानही न उलटलेल्या माणसाला पाठ असते. घटस्फोटाची वेळ आली की आईवडील ती ऐकवतात, मामा ऐकवतो, कधीकधी वकीलही ऐकवतात. मध्यस्थासमोर बसा, थोडं तू सोड, थोडं त्याला सोडायला लाव, सह्या करा आणि मोकळे व्हा. हा सल्ला बहुतेक वेळा प्रेमापोटीच असतो. पण आपल्यावर अन्याय झालाय असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने तडजोड करणं हे शहाणपण म्हणायचं, की अन्यायावर टाकलेलं पांघरूण?

आधी दोन्ही वाटा नीट बघू. आपला कायदा तडजोडीकडे झुकलेला आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलंय. मध्यस्थ निकाल देत नाही, तो दोघांना बोलतं करतो. तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. बोलणी फिसकटली तर मध्यस्थ कोर्टाला ‘जमलं नाही’ एवढंच कळवतो, दोष कुणाचा ते सांगत नाही. जमलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट मिळतो. त्यातली सहा महिन्यांची मुदतही २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात माफ होऊ शकते. मात्र संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील करता येत नाही.

खटल्यात उलट असतं. क्रूरता, परित्याग, व्यभिचार अशा कायद्याने ठरवलेल्या खणांमध्ये आपलं दुःख बसवावं लागतं. ते पुराव्याने सिद्ध करावं लागतं, उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. निकाल विरोधात गेला तर अपील आहे. पण ते समोरच्यालाही आहे.

माणूस न्याय मागतो तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो. एक वाटणी: पोटगी, स्त्रीधन, घर, मुलांचा ताबा. दुसरी कबुली: जे घडलं ते चूक होतं, हे कुणीतरी मोठ्याने म्हणावं. मध्यस्थी पहिली गोष्ट देऊ शकते. दुसरी सहसा देत नाही. करारनाम्यात ‘एकमेकांविरुद्ध तक्रार उरलेली नाही’ असं लिहिलं जातं आणि दहा वर्षांची तक्रार एका ओळीत मिटते. झाकली मूठ झाकलेलीच राहते.

मग कबुलीसाठी कोर्टात जावं का? इथे स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. न्यायाधीश ‘क्रूरता सिद्ध झाली’ असं लिहू शकतो, पण समोरच्याच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे वदवून घेऊ शकत नाही. आणि आपल्याला बहुतेकदा तेच हवं असतं. त्यासाठी पाच-सात वर्षं तारखा करणाऱ्याच्या हाती शेवटी निकालपत्र येतं, माफी नाही.

पण एवढ्यावरून तडजोडच बरी असं ठरवता येत नाही. तडजोडीला नैतिक वजन येतं ते ‘नाही’ म्हणता येण्यातून. जिला माहेरी परत जायला जागा नाही, जिला नवऱ्याचं खरं उत्पन्न माहीत नाही, जी त्याच्यासमोर बसली की घाबरते, तिची ‘संमती’ कितपत संमती असते? मारहाण झालेली असेल तर समोरासमोर बोलणी हाच एक नवा दबाव ठरतो. ‘चार भिंतींतलं चार भिंतींत मिटवा’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा बाईलाच गप्प केलंय.

शिवाय टेबलावर कोण किती ताणू शकतं, हे कोर्ट काय देईल यावर ठरतं. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा असतो. सीमा ओलांडून सिंधुदुर्गात आलं की लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेवर बायकोचा असा आपोआप हक्क नाही. पोटगीसाठी तिला मागणी करावी लागते. दोन्हीकडचा मध्यस्थ तितकाच भला असला, तरी बाई सारख्याच बळाने बोलणीला बसत नाही.

एक प्रकरण बघा. २०१३ साली नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेला अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०२० साली निकाली निघाला. अंतरिम म्हणजे तात्पुरती, आणि तिच्यासाठी सात वर्षं! म्हण खरी वाटावी असंच हे. पण त्याच निकालाने घालून दिलं की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर जाहीर करायची. आज एखादी मुलगी मध्यस्थासमोर ‘आधी तुझं शपथपत्र दाखव’ म्हणू शकते, ती दुसरं कुणीतरी कोर्टाची पायरी चढलं म्हणून. सगळेच तडजोड करत राहिले तर तडजोडीला टेकायला कायदाच उरणार नाही.

तरी दुसऱ्यांसाठी कायदा घडावा म्हणून आपल्या ऐन तिशीची वर्षं होमात टाका, असं कुणालाही सांगता येत नाही. तो त्याग आहे, कर्तव्य नव्हे. पण जो तो करतो त्याला ‘भांडकुदळ’ म्हणणं आपण थांबवू शकतो.

निवड करायची वेळ आलीच तर स्वतःला तीन गोष्टी विचारा. मला समोरच्याची भीती वाटते का? पैशांचं खरं चित्र माझ्यासमोर आहे का? आणि मला जे हवंय ते कोर्टाला देता येण्यासारखं आहे का? भीती असेल किंवा आकडे लपवलेले असतील, तर कोर्टाची पायरी हाच शहाणपणा. भीती नसेल, आकडे उघड असतील आणि उरली असेल फक्त ‘त्याने मान्य करावं’ ही इच्छा, तर टेबलावर बसा. ती इच्छा खोटी नाही, पण तिचं उत्तर कुठल्याच हुकूमनाम्यात मिळत नाही.

आणि मूल असेल तर एक लक्षात ठेवा. त्याची सही दोन्हीकडे नसते. तुमच्या हक्काची पोटगी तुम्ही सोडू शकता, त्याच्या हक्काची नाही.