ससाण्याची बाजू

शिबी राजाची गोष्ट सांगितली की मुलं ससाण्यापासून पळून राजाच्या आसऱ्याला आलेल्या कबुतराच्या बाजूची होतात. नोकरीभर मी उत्तर नागपुरात शिकवलं. इंदोरा, बेझनबाग, जरीपटका इथली पोरं एका बाकावर बसायची आणि या एका बाबतीत त्यांचं एकमत असायचं. फक्त एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग ससाण्यानं काय खावं?" वर्ग हसला. मीही हसून पुढचं पान उलटलं असावं.

महाभारताच्या वनपर्वात ससाणा चांगला वाद घालतो, हे मी फार उशिरा नीट वाचलं. तो म्हणतो, भूक लागलेल्याच्या तोंडचा घास काढून घेणं हा कसला धर्म? मी मेलो तर माझी बायकापोरं मरतील; एकाला वाचवायला तू अनेकांना मारतोस. राजा त्याला बैल देऊ करतो, हरीण देऊ करतो. ससाणा नाही म्हणतो. पण राजा त्याला पापी म्हणत नाही, दगड मारून हाकलत नाही. त्याचा हक्क मान्य करतो आणि कबुतरही देत नाही. मग उरतं ते एकच, कबुतराच्या वजनाइतकं स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत घालणं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात तो तराजू रंगवलेला आहे. गोष्ट आमच्या बौद्ध परंपरेतही आहे, त्यामुळे ती कुणाची यावर भांडायचं कारण नाही.

आमच्या इंदोऱ्याला लागून जरीपटका. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्यांनी वसवलेला. ती पिढी आता पूर्ण नागपूरकर झाली. पण सिंधमधून येणं थांबलेलं नाही. कुटुंबं व्हिसावर येतात, नातलगांकडे उतरतात, परत जात नाहीत. दीर्घ मुदतीचा व्हिसा, पोलिसांकडे नोंद, मग वर्षानुवर्षं वाट. डिसेंबर २०१६ मध्ये देशातल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत नागपूरचे होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांची मोजदाद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत नागपूरचा आकडा अडीच हजारांच्या घरात होता. हिंदूंच्या दीर्घ मुदतीच्या व्हिशांना सरकारनं हात लावला नाही, तरी त्या आठवड्यात कितीजणांनी कागदांची पिशवी उशाशी घेतली असेल!

माझ्या शेजारणीची तक्रार वेगळीच. "बाई, आमच्या पोराले लग्नासाठी खोली भेटून नाही राहिली. अन् यायले बरोबर भेटते." दोन खोल्यांत तीन कुटुंबं राहिली की भाडं तिघांत वाटलं जातं, एकट्या पोराला ते झेपत नाही. नळ तेवढाच. हिला दुष्ट म्हणणं सोपं आहे, पण दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेल्यांना पुरी-भाजी वाटायला हीच पुढे असते. आम्ही शाळेचे वर्ग त्यांच्यासाठी रिकामे करायचो, तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी नसायची. त्या पाहुण्यांच्या खिशात परतीचं तिकीट असतं. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्याशी कसं वागायचं हा प्रश्न पाहुणचाराच्या पुढचा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की शिबीनं मांस स्वतःचं कापलं. आज अभय दिल्लीत दिलं जातं आणि तराजूत मांडी पडते ती इंदोऱ्याची. गृह मंत्रालयातल्या कुणाच्या मुलाची खोली जात नाही. वर आम्हीच कुरकुर केली तर आम्ही संकुचित. (गोष्टीत शेवटी ससाणा इंद्र निघतो आणि राजाची जखम भरते. गोष्टीची ही लबाडी मला कधीच आवडली नाही. आमच्या गल्लीत कुणी इंद्र निघणार नाही.)

आणि शिबीनं कबुतराची जातकुळी विचारली नव्हती. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात तीन देश आहेत, सहा धर्म आहेत, ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे. सिंधी हिंदू त्यात बसतो, पण तारखेनंतर आलेला त्याचाच भाऊ बसत नाही. तिबेटी तर नाहीतच. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येतात ते तिबेटीच. इथंच जन्मलेल्या अनेकांकडेही परदेशी म्हणून नोंदणीचंच प्रमाणपत्र असतं. ते बौद्ध म्हणून मला जास्त लागतं का? लागतं. आणि माझ्या या लागण्यावर कुणाचा आसरा ठरू नये, असंही वाटतं. आपल्या देशानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून कुणाचं काय होईल, ते ज्याच्या त्याच्या ओळखीपाळखीवर आणि त्या काळच्या हवेवर.

मागच्या महिन्यात महापालिकेला द्यायचा अर्ज शेजारणीनं माझ्याकडून लिहून घेतला. "त्यायले इथून हटवा असं लिवा." मी लिहिलं, वस्तीत प्रत्यक्ष राहणारी सगळी माणसं मोजा, कागद असलेली आणि नसलेली, आणि तेवढ्यांचं पाणी द्या, बाहेरून आलेल्यांना ज्यानं ठेवून घेतलं त्या केंद्र सरकारकडून खर्च मागा. तिनं दोनदा वाचलं. "हे त्यायच्या फायद्याचं झालं की आपल्या?" म्हणाली. मी म्हटलं, नळ दोघांचा. तिनं सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात खोलीभाड्याचं वाक्य वाढवलं.