वांधा, बाध आणि विनाकागद वाहन

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाच्या विचाराला भारतीय दर्शनांत प्रामाण्यवाद म्हणतात. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा ज्ञानातच असतो, बाहेरून यावा लागत नाही. ते खोटे ठरते ते केवळ त्याला बाध आल्यावर, म्हणजे त्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान उत्पन्न झाल्यावर. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात, तर खरेपणा बाह्य कसोटीवर ठरतो या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मताला परतःप्रामाण्य. परदेशातून आणलेली जुनी मोटार नोंदणीसाठी उभी राहते, तिचे इंजिन निर्दोष चालते, पण ती येथील मानकांस अनुरूप असल्याचा दाखला सोबत नसतो, तेव्हा मालक आणि निरीक्षक यांच्यातील मतभेद मुळात याच जुन्या वादाचे रूप असते.

कायद्याने नैयायिकांची बाजू घेतली आहे. 1988च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 39 नुसार नोंदणीवाचून वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. वापरलेले वाहन आयात करण्याच्या सर्वसाधारण अटी त्याहून कडक असून, ते निर्मितीपासून तीन वर्षांहून जुने नसावे, त्याचे सुकाणू उजवीकडे असावे, ते मुंबई बंदरातूनच यावे आणि भारतीय नियमांशी त्याची अनुरूपता तपासलेली असावी, असे त्या सांगतात. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांत 1966 साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही प्रमुख आहे. परराज्यातून आणलेल्या जुन्या पिकअपलाही हा न्याय सौम्य रूपात लागू होतो, कारण बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवायची असेल तर मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन नवा क्रमांक मिळवावा लागतो.

असे असले तरी समाज सर्वत्र परतःप्रामाण्याने चालत नाही, हे लासलगावच्या बाजार आवारात स्पष्ट दिसते. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप तेथे रांगेत उभे राहतात; व्यापारी माल हातात घेऊन त्याचा रंग, आकार व पत्ती पाहतो आणि कोणताही दाखला न मागता क्विंटलमागे बोली लावतो. वरचा कांदा चांगला म्हणून आतलाही चांगला, हा निर्णय बाध येईपर्यंत खरा मानला जातो. खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या साठवणीच्या जागी, गाडी रिकामी होताना आत हलका माल निघाला, तर जो तंटा होतो त्याला बाजाराच्या भाषेत वांधा म्हणतात, आणि मीमांसकांच्या बाधाला याहून नेमका लौकिक शब्द सापडणे कठीण आहे. भुईकाट्याच्या बाबतीत मात्र तोच बाजार नैयायिक होतो; काट्याच्या पोटात काय चालते हे शेतकऱ्याला दिसत नसल्याने तो काटा वैधमापन यंत्रणेने पडताळून मुद्रांकित केलेला असावा लागतो.

हा भेद लहरीतून आलेला नाही. बाध आल्यावर त्याची किंमत कोण मोजतो आणि झालेले नुकसान भरून निघते का, यावर तो उभा आहे. कांद्याचा वांधा विकणारा आणि घेणारा यांच्यातच राहतो आणि भाव कमी करून मिटतो. वाहनाच्या ब्रेकविषयीचे ज्ञान खोटे ठरते ते अपघाताच्या रूपाने, आणि त्याची किंमत त्या व्यवहारात नसलेला पादचारी मोजतो. म्हणून जेथे बाध तिऱ्हाइतावर कोसळतो आणि परत फिरवता येत नाही, तेथे त्याची वाट पाहणे धर्म्य ठरत नाही.

तथापि परतःप्रामाण्य म्हणजे कागदपूजा नव्हे. न्यायदर्शनात दाखला हे शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन ठरते, आणि वस्तू प्रत्यक्ष जाणून ती जशी आहे तशी सांगू इच्छिणारा तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतात, त्यामुळे परदेशी तपासनिसाचे वचन केवळ परके म्हणून त्याज्य ठरत नाही आणि स्वदेशी शिक्का न पाहता मारलेला असेल तर तो ग्राह्यही ठरत नाही. शिवाय भाट्ट, म्हणजे कुमारिलांच्या परंपरेतील, मीमांसकांनी मानलेल्या अनुपलब्धी या प्रमाणाला, म्हणजे वस्तू न आढळण्यावरून तिचा अभाव जाणण्याला, एक मर्यादा आहे: वस्तू असती तर आढळलीच असती, अशी स्थिती असेल तरच तो अभाव सिद्ध होतो. दाखला न सापडल्याने दाखल्याचा अभाव कळतो, ब्रेकचा नव्हे.

यावरून निरीक्षकाचे आणि मालकाचेही कर्तव्य निश्चित होते. निरीक्षकाने विनाकागद वाहन रस्त्यावर येऊ देऊ नये, परंतु कायद्याच्या अटींत बसणाऱ्या वाहनाला नव्या परीक्षेची वाट मोकळी ठेवावी. मालकाने त्या परीक्षेला अपमान समजू नये, कारण आपल्या गाडीवरील त्याचा विश्वास कितीही खरा असला, तरी त्या विश्वासाचा वांधा मिटवायला रस्त्यावर खळे नसते.