पिशाचांच्या भाषेतले प्रेम

गुणाढ्याची बृहत्कथा दरबारात आली तेव्हा ती परत पाठवायला प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाला दोन कारणे पुरली. ती पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या बोलीत होती आणि शाईऐवजी रक्ताने लिहिलेली होती. आत काय आहे हे पाहण्याची गरज त्याला वाटली नाही. पुढची आख्यायिका सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे. गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवून बसला, एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेले पान आगीत टाकू लागला. हरणे, रानडुकरे चरायचे विसरून ऐकत उभी राहिली. मुदपाकखान्यात येणारे मांस सुकलेले निघू लागले, ते खाऊन राजा आजारी पडला, तेव्हा कुठे चौकशी झाली. सात लाख श्लोकांतले एक लाख तेवढे वाचले. हा वाचलेला भाग कशाचा, तर नरवाहनदत्ताचा. माणसाच्या पोटी जन्मलेला हा राजपुत्र आकाशगामी विद्याधरींच्या प्रेमात पडत पडत शेवटी विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. म्हणजे ज्याला आज प्रकाशक अमानवी प्रेमकथा म्हणून विकतात, त्याचे एक मूळ छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, पैठणला सापडते. आणि न वाचता तो प्रकार नाकारण्याचेही.

किशोरवयीन वाचकांच्या हातात दिसणाऱ्या काळ्या मुखपृष्ठांच्या मालिकांवर घरातली मोठी माणसे जो आक्षेप घेतात, तो या राजाच्या आक्षेपाचाच वंशज आहे. रक्त पिणारा देखणा नायक, पौर्णिमेला लांडगा होणारा मित्र, स्वर्गातून हाकललेला देवदूत, आणि त्यांच्यात सापडलेली सतरा वर्षांची मुलगी. हे काय वाचायचे वय आहे? पण आक्षेपाच्या मुळाशी एक खरा धार्मिक प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मन ज्याचे चिंतन करते तसे ते घडते, यावर आपल्याकडच्या बहुतेक पंथांचे एकमत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात चिंतनापासून आसक्ती आणि आसक्तीपासून काम, क्रोध अशी उतरती पायरी सांगितली आहे. बौद्ध साधनेत तर चित्तात काय येते-जाते यावरचा पहारा हाच मुख्य उद्योग. मग भय आणि मोह एकत्र कालवलेली कथा रात्र-रात्र वाचत राहणे म्हणजे चित्त मलिन करून घेणे नव्हे काय? माझे म्हणणे असे की नव्हे. कथेतला काळोख मन बिघडवत नाही. त्या काळोखात शिरण्याची जी किंमत मोजावी लागते, ती कथेने लपवली की मात्र बिघाड सुरू होतो. आणि याचा पुरावा एका विहाराच्या भिंतीवर आहे.

अजिंठ्याचे १७ वे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात घडले. भिक्षूंच्या राहण्याची ही जागा. तिच्या एका भिंतीवर सिंहल-अवदान रंगवलेले आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेले व्यापारी, त्यांना हाताला धरून घरी नेणाऱ्या सुंदर स्त्रिया, त्यांचे संसार, मुलेबाळे. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याला उशिरा कळते की या राक्षसी आहेत आणि नवी गलबते आली की जुने नवरे खाल्ले जातात. बलाह नावाचा पांढरा घोडा त्यांना समुद्रापार न्यायला तयार होतो, अट एकच: मागे वळून पाहायचे नाही. बाकीचे वळून पाहतात, पडतात, खाल्ले जातात. सिंहल तेवढा सुटतो. कथेचा कस पुढे लागतो. त्याची राक्षसी बायको कडेवर मूल घेऊन त्याच्या गावी येते आणि नवऱ्याने टाकले म्हणून दाद मागते. सिंहल राजाला सावध करतो. राजा तिच्या रूपाकडे पाहतो, सिंहलाकडे नाही, आणि तिला अंतःपुरात ठेवून घेतो. त्या रात्री ती आपल्या मैत्रिणींना घेऊन येते. सकाळी राजवाड्यावर गिधाडे घिरट्या घालत असतात. चित्रकारांनी या राक्षसी कुरूप रंगवल्या असत्या तर काम सोपे झाले असते, पण तसे त्यांनी केलेले नाही. मोहाचा भाग पूर्ण मोहक आहे, आणि खाण्याचा भाग त्याच भिंतीवर, एका नजरेच्या टप्प्यात आहे. पाहणाऱ्याला दोन्ही एकदम पाहावे लागते.

अजिंठ्याच्याच २ ऱ्या लेण्यात याच प्रश्नाची वेगळी उत्तरे आहेत. झोपाळ्यावर झुलणारी नागकन्या इरंदती आणि तिच्यावर भाळलेला पूर्णक यक्ष ही जोडी विधुरपंडित जातकातली. वधूपित्याची मागणी भयंकर आहे: कुरुराजाच्या अमात्याचे, विधुराचे, हृदय आणून दे. पूर्णक द्यूतात विधुराला जिंकतो, डोंगरावर नेतो, त्याला मारण्याचे नाना प्रकार करून पाहतो आणि शेवटी त्याचा उपदेश ऐकून हात मागे घेतो. नागराणीला, म्हणजे इरंदतीच्या आईला, हवे होते ते त्या शहाण्या माणसाचे ज्ञान, हे मग उघड होते आणि लग्न लागते. प्रेमापायी खून करायला निघालेला यक्ष इथे खरोखर बदलतो. त्याच लेण्यात हारीतीचे देवघर आहे. ती मुले खाणारी यक्षी. बुद्धाने तिचेच धाकटे पोर लपवले तेव्हा इतर आयांचे दुःख तिला कळले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. एकाच डोंगरात तीन उत्तरे. राक्षसीचा स्वभाव बदलत नाही, यक्षाचा उपदेशाने बदलतो, यक्षीचा स्वतःच्या दुःखाने. ज्याच्यावर जीव जडला आहे तो बदलला आहे की नुसता वेष पालटून आला आहे, हे ओळखण्याचा सराव या कथा देतात. काळ्या मुखपृष्ठाच्या कादंबरीतल्या नायिकेपुढचा प्रश्नही हाच असतो: हा मला जपणार की गिळणार? सोळाव्या वर्षी याहून निकडीचे प्रश्न फारसे नसतात.

यावर कोणी म्हणेल की भिक्षू पिकलेले होते, त्यांना हे झेपत होते. कोवळ्या मनाचे काय? पण विहारात कोवळी मनेही होती. भिक्षूंच्या नियमांच्या महावग्ग या ग्रंथात पंधरा वर्षांखालच्या मुलाला, तो कावळे हाकलण्याइतका मोठा असेल तर, प्रव्रज्या म्हणजे संघात प्रवेश देण्याची मुभा आहे. अशा श्रामणेरांच्या डोळ्यांपुढे राक्षसी ठेवायला परंपरा कचरली नाही. सडत जाणाऱ्या प्रेताचे ध्यान शिकवणाऱ्या परंपरेला कचरण्याचे कारणही नव्हते. दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा: २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि तुम्ही मुलांना पुन्हा पिशाचे वाचायला देता? याला उत्तर सोपे आहे. तो कायदा भुताच्या नावाखाली माणसाला लुबाडणे आणि छळणे रोखतो, गोष्ट सांगणे नव्हे. मांत्रिकाला तुमचा विश्वास हवा असतो, कादंबरीकाराला फक्त पुस्तक मिटेपर्यंतचा होकार. भूत हे आपल्या धर्मभाषेच्या बाहेरचे, परदेशातून आलेले, असेही म्हणता येत नाही. पैठणच्याच एकनाथांनी भारुडात भुताने झपाटणे हे ईश्वराने व्यापून टाकण्याचे रूपक केले. औरंगाबादचे अठराव्या शतकातले सूफी कवी सिराज यांच्या सर्वांत प्रसिद्ध गझलेत प्रेमाच्या विस्मयापुढे परी आणि तिचे वेड दोन्ही मागे पडतात. अमानवी प्रियकराची कल्पना त्यांनी झिडकारली नाही, ओलांडली.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो बहुधा लेकीची काळजी करणाऱ्या आईचा असतो. या मालिका मुलींना शिकवतात की पाठलाग म्हणजे प्रेम. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये नायक एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत तिच्या नकळत येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत बसतो, आणि हे तिला कळते तेव्हा ती चिडत नाही, सुखावते. हा आक्षेप मला मान्य आहे; फक्त तो रक्तपिपासूपणावर घेतलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. खोलीत शिरणारा मुलगा शेजारच्या इमारतीतला असता तरी आक्षेप तितकाच खरा राहिला असता. बिघाड कुठे आहे ते मालिकेच्या शेवटाकडे पाहिल्यावर कळते. २००५ ते २००८ या काळात आलेल्या चार भागांत पहिल्यापासून बजावले जाते की अमरत्वाला जबर मोल आहे: माणूसपण जाईल, आईवडील दुरावतील, तहान आवरणार नाही. चौथ्या भागात बेला रक्तपिपासू होते आणि यांतले जवळपास काहीच तिला द्यावे लागत नाही. तहान तिला आवरता येते, वडील जवळच राहतात, वर मूल, रूप आणि अनंत आयुष्य. सिंहल-अवदानाच्या चित्रकाराने खाण्याचा प्रसंग पुसून तिथे आणखी एक विवाहमंडप रंगवावा, तसे हे झाले. मालिका नावाचा व्यापारी प्रकार याला जबाबदार आहेच. एका भिंतीवर मोह आणि परिणाम शेजारी असतात. चार जाडजूड भागांत परिणाम पुढच्या पुस्तकावर ढकलता येतो, आणि ढकलत ढकलत तो सोडूनही देता येतो. म्हणून मुलीच्या हातातून पहिला भाग काढून घेणारी आई चुकीच्या जागी अडवते आहे. तिने शेवटचा भागही वाचावा आणि लेकीशी त्यावर भांडावे.

तरीही जुन्याला पूर्ण गुण द्यावेत असे वाटत नाही, आणि त्याचेही कारण गोदाकाठचेच आहे. ‘चांदोबा’ने घरोघरी पोचवलेला वेताळकथांमधला राजा विक्रम म्हणून ओळखला जातो, कथासरित्सागरात मात्र तो त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचे राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानला. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेल्या या राजाला वेताळ मंदारवतीची गोष्ट सांगतो. तिच्यासाठी तीन तरुण झुरत असतात आणि ती अचानक मरते. एक तिच्या चितेच्या राखेवर निजू लागतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत मृतसंजीवनाचा मंत्र मिळवून येतो. राख, अस्थी, मंत्र एकत्र येतात आणि ती उठून उभी राहते. आता बायको कोणाची? राजा सांगतो: ज्याने जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेणारा मुलाचे कर्तव्य करून गेला, राखेला बिलगून राहिला तो नवरा. वाचवणाऱ्याचा वाचलेलीवर प्रियकर म्हणून हक्क नाही, हा निवाडा आजच्या अनेक मालिकांहून शहाणा आहे. त्यांच्यात नायकाने तीनदा जीव वाचवला की नायिका जणू त्याच्या नावावर चढते. पण चोवीस कोड्यांच्या त्या रात्रीत मंदारवतीला कोणी काही विचारत नाही. राजा नाही, वेताळ नाही, सोमदेवही नाही. ती राखेतून उठते आणि तिघे पुरुष तिच्यावरून वाद घालतात. राखेवर निजणारा माणूस तिला हवा होता का, की स्मशानात आपल्या चितेवर अंथरूण घालणाऱ्याची तिला भीती वाटली असती, याचा सुगावा कथेत लागत नाही. बेलाची गोष्ट बहुतांशी बेला स्वतः सांगते. ती चुकीची निवड करते असे म्हणता येते, ते तिला निवड आहे म्हणून. हा बहुतांश बायकांनी लिहिलेला आणि मुलींनी वाचलेला साहित्यप्रकार सवंग असेल, शेवटाला घाबरत असेल, पण त्यात प्रेतासारखी पडून राहणारी नायिका उठून आपल्याला कोण हवे ते बोलते. संभाजीनगरच्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘ट्वायलाइट’ आणि वेताळपंचविशी एकाच सुट्टीत वाचून काढली, तर ती बेलाला सिंहलाचे प्रश्न विचारील, आणि त्रिविक्रमसेनाला मंदारवतीचे.