गिटार कोणासाठी वाजते?

मागच्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपल्या युवक संघाची चार-पाच मुले तावातावाने भांडत होती. मला वाटले, फुटबॉल असेल. जवळ गेलो तर वाद एका जुन्या अल्बमवरून चालला होता, ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’वरून. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचा हा रॉक ऑपेरा १९७० साली आधी रेकॉर्ड म्हणून निघाला आणि मग रंगभूमीवर गेला. १९७४ साली अॅलेक पदमसी यांनी तो आपल्या मुंबईत बसवला. त्यात यहुदाची भूमिका नंदू भेंडे यांनी गाजवली होती, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या मराठी नाट्यघरातला मुलगा. ते २०१४ साली गेले, पण आपल्या वयाच्या अनेकांना त्यांचा आवाज आठवत असेल.

एक मुलगा म्हणत होता, “प्रभूच्या दुःखसहनाची गोष्ट चालू आहे आणि मध्येच गिटारवाला आपली करामत दाखवतो. लक्ष येशूकडे राहतच नाही.” दुसरा म्हणाला, “उलट शब्द थांबतात तिथेच मला प्रार्थना करावीशी वाटते.” तिसऱ्याचे म्हणणे वेगळे होते. ज्या अल्बममध्ये पुनरुत्थानच नाही त्याला ख्रिस्ती म्हणायचेच कशाला?

तिसऱ्याचा मुद्दा खरा आहे. तो ऑपेरा क्रुसावर आणि कबरीपाशी संपतो. पण कसा संपतो हेही पाहण्यासारखे आहे. शेवटच्या भागाचे नाव आहे योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका वचनाचा क्रमांक, अध्याय १९, वचन ४१. क्रुसाजवळच्या बागेत एक नवी कबर होती, असे तिथे सांगितले आहे. या भागात कोणी गात नाही, फक्त वाद्ये वाजतात. प्रभूच्या मृत्यूनंतर काय बोलायचे हे रचनाकारांना सुचले नसेल, किंवा बोलू नये असे वाटले असेल. म्हणजे शब्दांवाचून वाजणारे संगीत नेहमी दिखाव्यासाठीच असते असे नाही.

मुलांनी मला विचारले, “अंकल, तुमचे मत काय?” मी हसून वेळ मारून नेली. कारण या प्रश्नात माझे एक जुने देणे बाकी आहे. ते आज तुमच्यासमोर मांडतो.

काही वर्षांपूर्वी एका गायनवृंदात मी गात होतो. आमच्याबरोबर एक तरुण गिटार वाजवायचा. सामान्यकाळातल्या एका रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गीताची चारही कडवी संपली, आम्ही गप्प झालो, पण त्याची गिटार चालूच राहिली. एकट्याची, चांगली दीड-दोन मिनिटे. लोकांनी माना वळवून पाहिले. मिस्सेनंतर सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, “हे चर्च आहे, स्टेज नाही.” तो काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही.

मी बरोबर होतो का? नियमांचे काय सांगावे! पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, चर्चमधल्या संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्यात पियानोला बंदी होती, ढोल आणि झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांनाही बंदी होती. गायन मध्येच तोडून वाद्यांचे तुकडे घालू नयेत असेही त्यात बजावले होते. गंमत अशी की १५० वे स्तोत्र वाचले तर परमेश्वराच्या स्तुतीसाठी बोलावलेल्या वाद्यांमध्ये झांजा आहेतच. पण त्या काळी युरोपात चर्चचे संगीत नाटकगृहासारखे झाले होते, म्हणून पोप महोदयांना कडक व्हावे लागले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात ऑर्गनला मानाचे स्थान ठेवून इतर वाद्यांनाही दार उघडले. अट एवढीच की ती पवित्र कार्याला साजेशी असावीत. आणि ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रात तर स्पष्टच लिहिले आहे की धर्मगुरू वेदीपाशी पोहोचण्याआधी, अर्पणाच्या वेळी, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आणि मिस्सेच्या शेवटी मान्य वाद्य एकटे वाजवता येते. आगमनकाळात, प्रायश्चित्तकाळात, पवित्र आठवड्यातल्या त्रिदिनात आणि मृतांच्या मिस्सेत तेवढे नाही.

हे मी फार उशिरा वाचले. त्या मुलाने सामान्यकाळात, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी वाजवले होते. म्हणजे नियम त्याच्या बाजूने होता.

पण नियम हाताला लागू होतो, हृदयाचे काय? संत ऑगस्टीन यांना हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी पडला होता. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या पुस्तकात ते कबूल करतात की जेव्हा गीताच्या अर्थापेक्षा गाणेच मनाला अधिक हलवते तेव्हा आपल्याकडून पाप घडते, आणि तेव्हा न ऐकलेलेच बरे असे त्यांना वाटते. पण तेच ऑगस्टीन एका स्तोत्रावर बोलताना शेतात कापणी करणाऱ्या माणसांचे उदाहरण देतात. ती माणसे आधी शब्दांत गातात. मग आनंद इतका भरून येतो की शब्द गळून पडतात आणि नुसता सूर उरतो. ज्याचे वर्णन करता येत नाही त्या परमेश्वरासाठी तो सूरच योग्य, असे ते म्हणतात. एकाच संताच्या या दोन्ही गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आपल्याला हे परके नाही. भजनात शब्द थांबल्यावर मृदंगवाला दोन आवर्तने मोकळी वाजवतो तेव्हा त्याला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त गायला तेव्हा टाळ-मृदंगाचा बाटेल म्हणून कोणी त्याग केला नाही. आणि हिंदी चित्रपटांतले कितीतरी व्हायोलिन-ट्रम्पेटचे तुकडे गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी वाजवले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. त्यांच्या बरोबरीच्या अनेकांची नावे रेकॉर्डवर कधी छापलीच गेली नाहीत. एकट्याने वाजवणारा प्रत्येक जण नावासाठी वाजवत नाही.

पवित्र शास्त्रात एक जागा आहे जिथे मी आता वारंवार थांबतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौल राजाचे मन बिघडते तेव्हा दावीद त्याच्यापुढे वीणा वाजवतो आणि राजाला आराम पडतो. दोनच अध्याय पुढे तोच दावीद त्याच राजापुढे वाजवत असतो, आणि राजा त्याच्यावर भाला फेकतो. वाजवणारा हात बदलला नव्हता. बदलला होता ऐकणारा. मधल्या काळात स्त्रियांनी दावीदाची स्तुती शौलापेक्षा अधिक केली होती, आणि ती राजाच्या मनात रुतून बसली होती.

बंधू-भगिनींनो, त्या रविवारी लोकांनी माना वळवल्या त्या गिटारकडे. आम्ही चारही कडवी मन लावून गायलो होतो तेव्हा कोणी वळून पाहिले नव्हते. मी त्याला प्रभूच्या घराचा मान शिकवत होतो असे मला वाटले. आज वाटते, भाला माझ्या जिभेवर होता.

दोन वर्षांपूर्वी तो मला डॉकयार्ड रोड स्टेशनवर भेटला. मी क्षमा मागितली आणि विचारले, “तेव्हा इतका वेळ का वाजवलेस रे?” तो म्हणाला, “अंकल, गाणे संपले होते, पण रांग संपली नव्हती. मागच्या बाकांवरची म्हातारी माणसे अजून चालत पुढे येत होती. एकदम शांतता झाली असती तर त्यांना वाटले असते, आपल्याला उशीर झाला.” मी खाली पाहिले. मग तोच हसून म्हणाला, “शेवटचे थोडे मात्र स्वतःसाठी वाजवले, खोटे कशाला बोलू?”

त्याच्या या उत्तरात मला सगळा प्रश्न दिसला. सेवा आणि हौस एकाच हातात होती, आणि ती बाहेरून वेगळी करता येत नव्हती. माझ्या गाण्यातही ती तशीच मिसळलेली असते. प्रवचन देणाऱ्याच्या, वाचन करणाऱ्याच्या, वेदी सजवणाऱ्या भगिनींच्या कामातही असेल. हौस पूर्ण संपल्यावरच सेवा करायची म्हटली तर चर्चमध्ये कोणीच उभे राहणार नाही.

म्हणून युवक संघाच्या मुलांना माझे उशिरा सुचलेले उत्तर असे. घरी अल्बम ऐकताना सोलो कितीही लांब असो, तिथे वेदी नाही. मिस्सेत वाजवणाऱ्याने एक सोपी परीक्षा घ्यावी. रांग संपली, धर्मगुरू प्रार्थनेसाठी उभे राहिले, की माझा हात थांबतो का? थांबत असेल तर तो अजून प्रभूच्या सेवेत आहे. आणि आम्ही ऐकणाऱ्यांनी कोणाचे हृदय तपासण्याआधी रांग कुठवर आली आहे हे मागे वळून पाहावे.

आमच्या त्या गायनवृंदात गिटारची खुर्ची पुढे कितीतरी महिने रिकामी होती. आपल्या माळ्यावर तशी एखादी खुर्ची असेल, तर ती कोणाच्या शब्दामुळे रिकामी झाली, हे प्रत्येकाने या आठवड्यात स्वतःला विचारावे.