‘हीच ती गाडी’: स्लॉट कार आणि खरेपणाचा प्रश्न

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवरच्या खाचेत धावणारी विजेची छोटी गाडी. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून साधारण बारा व्होल्टची वीज मिळते. गाडीच्या नाकाखाली एक पातळ पाते असते, त्याला गाइड म्हणतात. ते खाचेत उतरते आणि त्याच्या दोन बाजूंना लावलेल्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या कडेच्या धातूला घासत वीज मोटरपर्यंत नेतात. खेळाडूच्या हातात फक्त वेग असतो. वळणावर तो जास्त झाला की मागची चाके बाहेर घसरतात, आणखी वाढला की पाते खाचेतून निसटते व गाडी उडून पडते. नेहमीचे प्रमाण 1:32 किंवा 1:24. साडेचार मीटर लांबीची खरी मोटार त्या हिशेबाने 14 ते 19 सेंटिमीटरची होते.

हा खेळ बाजारात रुजवला तो फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज कारखानदाराने. स्प्रिंगवर चालणाऱ्या आपल्याच पत्र्याच्या गाड्यांत त्याने विजेची मोटर बसवली आणि 1957 साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्सट्रिक’ मांडली. इंग्लंडात ती मुख्यतः घरच्या जमिनीवर मांडायची वस्तू होती. अमेरिकेत 1960 नंतर तिचे रूप बदलले. तेथे मोठ्या ट्रॅकची सार्वजनिक केंद्रे उघडली, तासाच्या भाड्याने मोठी माणसे तेथे शर्यती लावू लागली. कॉक्स, मोनोग्राम, रेव्हेल, स्ट्रॉम्बेकर यांच्या तयार गाड्या आणि जोडसंच दुकानांत मिळत. पण ज्याला जिंकायचे असे तो गाडी स्वतः बांधी. पितळी नळ्या, पितळी सळया आणि पियानोची पोलादी तार डाख देऊन जोडायची व चॅसिस उभी करायची. जपानच्या माबुची कंपनीची मोटर उघडून आर्मेचरवरची तार काढायची आणि जाड तारेचे कमी वेढे देऊन ती रिवाइंड करायची. बॉडी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्याची. पत्रा तापवून साच्यावर ओढलेला असे आणि रंग आतल्या बाजूने देत, त्यामुळे सर्वांत वर दिसणारा आकडा आधी रंगवावा लागे आणि गाडीचा मुख्य रंग शेवटी. मोटर आधी लांबीत बसे, मग मागच्या आसाला समांतर, आणि 1968च्या सुमारास तिरपी बसू लागली. एवढ्याशा फरकासाठी अख्खी चॅसिस नव्याने बांधली जाई. नळीच्या कापावर आणि डाखाच्या थेंबावर बांधणाऱ्याचा हात ओळखू येई. दशक सरता सरता लाट ओसरली, बहुतेक केंद्रे बंद पडली आणि गाड्या डब्यांत गेल्या.

आज त्या डब्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांचे संग्राहक आहेत, आणि त्या घडणीच्या नव्या गाड्या बांधणारेही आहेत. एकच माणूस पुष्कळदा दोन्ही करतो. त्याच्या टेबलावर तीन प्रकारच्या गाड्या असतात: जशीच्या तशी टिकलेली जुनी, जुनी पण बरेच भाग बदललेली, आणि जुन्या रीतीने आज बांधलेली. या तिन्हींमधल्या सीमा पुसट आहेत. 1966च्या चॅसिसवर आज काढलेली बॉडी असते. ती बॉडी कधी त्या काळच्याच साच्यावरून काढलेली असते. मोटर जुनी, तिच्यातले चुंबक नवे, टायर तर नवेच, कारण मूळ फोमचा चुरा झालेला असतो. अशा गाडीकडे बोट दाखवून ‘हीच ती गाडी’ असे म्हणता येते का? प्रश्न छंदाचा वाटतो, पण भारतीय आणि ग्रीक या दोन्ही परंपरांनी तो फार पूर्वीच विचारला आहे, आणि तोही वाहनाचेच उदाहरण घेऊन.

ग्रीकांचे वाहन जहाज होते. थीसियसचे जहाज अथेन्सवासीयांनी जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि ते तेच जहाज राहिले की नाही यावर विद्वानांत दोन तट पडले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. 1655 साली थॉमस हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या फळ्या कोणी साठवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर थीसियसचे जहाज कोणते? हॉब्जची ही कल्पना स्लॉट कारच्या बाबतीत नेहमीची घटना आहे. दुरुस्तीत काढलेली वाकडी चॅसिस, तडकलेली बॉडी, जळकी मोटर कोणी टाकून देत नाही. पाच-सहा गाड्यांचे असे भाग जमले की त्यांतून एक गाडी उभी राहते, आणि तिचा प्रत्येक तुकडा जुना असतो. पण 1967 साली अशी गाडी कोणत्याही ट्रॅकवर कधी धावलेली नसते.

पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ यातले वाहन रथ आहे. यवन राजा मिलिंद म्हणजे इतिहासातला मिनँडर. तो रथातून भिक्षू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला एकेक भाग घेऊन विचारतो: दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, जू, लगाम? प्रत्येक वेळी उत्तर नाही असे येते. सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. या सर्वांहून वेगळे काही? तेही नाही. शेवटी राजा स्वतःच म्हणतो की या भागांच्या आश्रयाने ‘रथ’ हे नाव, हा व्यवहार चालतो. माणसाच्या बाबतीतही हेच, हे नागसेनाला त्याच्याकडून वदवून घ्यायचे होते. चॅसिस, मोटर, बॉडी, चाके, गाइड सुटे करून टेबलावर मांडणाऱ्याला हा संवाद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सुट्या भागांत ‘गाडी’ नावाचा सहावा भाग सापडत नाही.

न्यायदर्शनाला हे मान्य नाही. नैयायिकांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखरच असतो, आणि अवयवांमध्ये तो समवाय, म्हणजे न तुटणाऱ्या, संबंधाने राहतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यासाठी दिलेला एक हेतू अगदी हातातला आहे: वस्तूचे एक टोक धरले की ती सबंध उचलली जाते, एक टोक ओढले की सबंध ओढली जाते. नुसता परमाणूंचा ढीग असता तर हातात आलेला तेवढा भागच वर आला असता. डाख घट्ट बसलेली चॅसिस गाइडला धरून उचलावी, सगळी गाडी वर येते. डाख सुटलेली उचलावी, हातात गाइड येते आणि बाकीचे टेबलावर राहते. बांधणाऱ्याच्या अनुभवाशी न्यायाचे हे मत अधिक जुळते. शेवटचा सांधा थंड झाला की जे तयार होते ते भागांच्या बेरजेहून निराळे वागते, वळणावर एकसंध वळते.

पण याच मताची पुढची पायरी संग्राहकाला जड जाते. कापडातून एक धागा काढला तर जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे, खंडित कापड जन्माला येते, असे न्याय-वैशेषिक मानतात. ‘हे तेच कापड’ ही ओळख मग सारखेपणामुळे होते, दिव्याच्या ज्योतीला आपण क्षणोक्षणी तीच म्हणतो तशी. म्हणजे टायर बदलले की गाडी नवी. नागसेनाच्या बाजूने गाडी मुळात नव्हतीच, न्यायाच्या बाजूने ती प्रत्येक दुरुस्तीत मरते. ‘मूळ गाडी’ धातूत शोधणाऱ्याच्या हाती दोन्हीकडून काहीच लागत नाही.

हा पेच एका इंग्रज न्यायालयासमोर प्रत्यक्ष उभा राहिला होता. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली 1929 आणि 1930 अशी सलग दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे तिचे भाग बदलत गेले, मोठे इंजिन आले, 1932 साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर भीषण अपघात झाला, नंतर ती पुन्हा बांधली गेली. 1990 साली तिच्या विक्रीवरून खटला झाला तेव्हा 1930च्या गाडीचे मोजकेच भाग तिच्यात उरले होते. न्यायाधीशांनी तिला ‘मूळ’ म्हणण्यास नकार दिला, पण ती अस्सल आहे असा निर्णय दिला. कारण तिच्या इतिहासात कोठेही खंड नव्हता. विजेती गाडी कधी थांबली आणि दुसरी कधी सुरू झाली असा क्षण दाखवता येत नव्हता. खरेपण द्रव्यातून काढून अखंड वृत्तांतात ठेवणारा हा निकाल योग्यच म्हणावा लागेल. अडचण इतकीच की बेंटलीला नोंदणी होती, छायाचित्रे होती, वृत्तपत्रांतली वर्णने होती. हाताने बांधलेल्या स्लॉट कारला बहुधा यातले काहीच नसते.

मग आधार कशाचा? प्रत्यक्ष पुरेसे नाही, कारण डोळ्यांना काळवंडलेले पितळ दिसते, वर्षे दिसत नाहीत. अनुमान करावे तर पितळ काळवंडले आहे म्हणून गाडी जुनी, हा हेतू व्यभिचारी, म्हणजे बेभरवशाचा, ठरतो. रसायनात बुडवून नवे पितळही एका दुपारीत काळवंडते. उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे सांगणे. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या अशी केली आहे की ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना ही व्याख्या सारखीच लागू पडते, असेही तो स्पष्ट करतो. आप्तपण जन्मावर वा पदावर अवलंबून नाही, ज्ञान आणि प्रामाणिक इच्छा या दोनच गोष्टींवर आहे. स्लॉट कारच्या जगात हे तंतोतंत लागू पडते. चॅसिस कोणी बांधली, कोणता सांधा पुन्हा डाखला, बॉडी कधीची, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक असते. तो सांगतो तेवढाच त्या गाडीचा इतिहास. ‘गाडी’ हे नाव व्यवहाराने चालते हे नागसेनाचे म्हणणे स्वीकारले की नाव उच्चारणाऱ्यावरची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. नावाला धातूचा आधार नाही म्हटल्यावर माणसाच्या वचनाचाच राहतो.

आज जुन्या घडणीने बांधलेली गाडी खोटी आहे काय, याचे उत्तर यावरून मिळते. नेल्सन गुडमन या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1968 साली ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांचे दोन गट पाडले. चित्राची हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते, कारण तेथे कोणाच्या हातचे हे महत्त्वाचे असते. संगीतरचनेचे बरहुकूम वादन मात्र बनावट ठरत नाही, ते त्या रचनेचेच वादन असते. आपल्याकडे बंदिशीबद्दल असा प्रश्न कोणाला पडतही नाही. दोनशे वर्षांपूर्वीची बंदिश आज गायली तर ती खोटी बंदिश होत नाही. 1960च्या दशकातली अमेरिकी मॉडेल-मासिके चॅसिसचे आराखडे मापांसकट छापत. त्या आराखड्यावरून, त्याच जाडीच्या तारेने, आज बांधलेली चॅसिस ही त्या रचनेचे नवे गायन आहे. एखाद्या विशिष्ट माणसाने 1967 साली बांधलेली अमुक एक चॅसिस ही मात्र चित्राच्या बाजूची वस्तू आहे. एकाच पितळी सांगाड्यात दोन्ही गट नांदतात, रचना एकात आणि हात दुसऱ्यात. फसवणूक होते ती आजच्या हाताला जुन्या हाताचे नाव दिले की. नवा भाग बसवण्यात पाप नाही, तो जुना म्हणून सांगण्यात आहे.

वेदान्तात ‘हा तोच देवदत्त’ या वाक्याचे विवेचन येते. पूर्वी तेथे पाहिलेला आणि आज येथे दिसणारा देवदत्त एक म्हणायचा तर ‘तेव्हा-तेथे’ आणि ‘आता-येथे’ हे परस्परविरोधी अंश सोडावे लागतात, उरतो तो देवदत्त. व्यक्तीच्या बाबतीत हे चालते. संग्रहातल्या वस्तूच्या बाबतीत हीच पद्धत घातक आहे, कारण तिचे मोल नेमके त्या सोडून दिलेल्या अंशातच असते. काळ आणि ठिकाण वगळून ‘हीच ती गाडी’ म्हणणे म्हणजे सांगण्यासारखे होते तेच गाळणे.

संग्रहाचाही एक वेगळा प्रश्न आहे. योगसूत्रांतल्या यमांत आणि जैनांच्या महाव्रतांत अपरिग्रह आहे, आणि डब्यात बंद ठेवलेल्या शंभर गाड्या त्याच्याशी जुळवणे अवघड आहे. येथे वस्तूचा स्वभावच थोडी मदत करतो. न वापरलेली गाडी टिकत नाही. फोमचे टायर चुरतात, मोटरमधले तेल चिकट होऊन घट्ट बसते, आणि कॉक्सने काही गाड्यांना दिलेल्या मॅग्नेशियमच्या चॅसिसवर दमट हवेत पांढरा थर चढतो. अधूनमधून ट्रॅकवर उतरणारी, घासणारी, दुरुस्त होणारी गाडी जास्त दिवस गाडी राहते. पण दुरुस्ती म्हटली की बदललेला भाग आला, आणि त्याची नोंद आली.

ही नोंद ठेवायला जागा फार लागत नाही. चॅसिसच्या खालच्या अंगाला, मोटरच्या मागे, पितळेची एक सपाट पट्टी बहुतेक गाड्यांत असते. तिच्यावर टोकदार सुईने बांधणाऱ्याचे नाव आणि बांधल्याचे खरे वर्ष कोरता येते, पुढच्या दुरुस्तीचे वर्ष त्याखाली. जुन्या घडणीची नवी गाडी त्या अक्षरांवाचून दुसऱ्याच्या हाती जात असेल, तर ती अजून पूर्ण बांधलेली नाही.