विजेचे बोल

संस्कृत 'विद्युत्', प्राकृतात 'विज्जु', आणि आपल्या तोंडी 'वीज'. द्युत् म्हणजे प्रकाशणे. अमरसिंहाने कोशात तिला दहा नावे दिली. चपला, चंचला, क्षणप्रभा ही तिच्या न टिकण्यावरून. ह्रादिनी तिच्या कडकडाटावरून.

व्यवहारात हा शब्द कोठे कोठे जातो पहा. कामाचा उरक असलेली सून 'वीज आहे वीज', ही झाली स्तुती. घरात अंधार झाला की 'वीज गेली'. हा अर्थ काही ओढूनताणून आणलेला नव्हे. १७५२ साली फ्रँकलिनच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये उंच लोखंडी कांब उभारली, तेव्हा ढगातली वीज आणि यंत्रातली वीज एकच, असे दिसून आले.

आणि रागाच्या भरात माय पोटच्या लेकराला म्हणते, 'वीज पडो तुझ्यावर!' मनातून थोडेच म्हणते ती? पण जिचा धनी शेतात झाडाखाली उभा असता विजेने गेला, त्या शेजारणीच्या कानी हे पडले तर? (वारीत गडगडाट झाला की झाडाचा आसरा धरू नका बरे, हे जाता जाता सांगतो.)

श्रुतीने याच शब्दाला केवढा मान दिला! बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायात विद्युत् म्हणजे ब्रह्म. व्युत्पत्तीही निराळीच : पाप तोडते म्हणून विद्युत्. वैयाकरण हे मानायचे नाहीत, उपासकाला पुरते. केनोपनिषदाने तर ब्रह्माची खूण सांगताना वीज चमकणे आणि पापणी लवणे, हे दोनच दाखले शेजारी ठेवले आहेत.