मागील बाकी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नवी वही पुजतो, पण जुन्या वहीतली येणी-देणी तिच्यात ओढायला विसरत नाही. वही नवी झाली म्हणून देणे फिटत नसते. माणसाच्या अपराधांनाही हाच न्याय लावावा काय?

ऑस्कर ग्रोनिंग नावाचा एक जर्मन कारकून होता. दुसऱ्या महायुद्धात ऑश्विट्झच्या छावणीत लाखो ज्यूंना विषारी वायूने मारण्यात आले. त्यांच्या सामानातून निघालेले पैसे मोजून बर्लिनला पाठवणे, हे त्याचे काम. युद्ध संपल्यावर तो घरी परतला, नोकरी करून म्हातारा झाला. आपण स्वतः कुणाला मारले नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे 2015 साली लुनेबुर्गच्या न्यायालयाने तीन लाख माणसांच्या खुनास साह्य केल्याबद्दल त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा त्याचे वय होते 94! शिक्षा सुरू होण्यापूर्वीच, 2018 साली तो वारला.

अशा जराजर्जर माणसाला शिक्षा ठोठावून काय साधले, असे आपल्याला वाटते. त्या छावणीतून लहानपणी वाचलेल्या इव्हा कोर या बाईंनी तर खटला चालू असतानाच त्याला क्षमा केली. त्यांच्यापुढे माझी मान लवते. पण इतर फिर्यादींना ती क्षमा रुचली नाही, आणि मला त्यांचेही पटते. आपले येणे आपण खुशाल सोडावे. शेजाऱ्याचे सोडण्याचा अधिकार आपल्याला नसतो. आणि जे मेले, ते तर सोडायलाही उरले नाहीत. त्यांच्या वतीने वही कुणी सांभाळायची? ती कायद्यानेच सांभाळली पाहिजे.

कायद्याने ती नीट सांभाळली, असेही नाही. खुनाच्या खटल्याला कालमर्यादा नाही, हे पश्चिम जर्मनीने 1979 साली ठरवले. तरीही कितीतरी अपराधी शिक्षेवाचून सुखाने मेले. हा उशीर न्यायाला लागलेला डाग आहे. पण सावकार झोपला म्हणून ऋणको मोकळा होत नाही.

ग्रोनिंगने तुरुंग पाहिला नाही, हे खरे. पण ज्याने मेलेल्यांचे पैसे मोजले, त्याच्या खात्यावर अखेर माणसे मांडली गेली. उद्या एखाद्या तरुण कारकुनापुढे असलीच वही आली, तर लेखणी उचलण्यापूर्वी त्याला हे खाते आठवावे. माझ्या मते, या उशिरा आलेल्या निकालाचे एवढे मोल पुरे आहे.